स्वनातीत झोत : मिश्रण, गोंगाट आणि प्रयोगशाळा

ध्वनीच्या वेगाहून अधिक वेगाने नोझलच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या वायुझोताला स्वनातीत झोत म्हणतात. असा झोत स्तब्ध हवेत शिरला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. झोताच्या कडेवर आतील वेगवान वायू आणि बाहेरील हवा एकमेकांत मिसळू लागतात, आणि त्याच कडेवरून प्रचंड गोंगाट चहूकडे पसरतो. मिश्रण व गोंगाट ही एकाच घडामोडीची दोन रूपे होत, हे आज विषयाच्या कोणत्याही प्रगत ग्रंथात वाचावयास मिळते. तथापि हे ऐक्य ध्यानी येण्यास विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण साधनांच्या इतिहासात सापडते. झोत पाहणारे संशोधक आणि झोत ऐकणारे संशोधक दीर्घकाळ वेगवेगळ्या दालनांत काम करीत होते. ज्या ज्या वेळी एखाद्या प्रयोगकर्त्याने डोळा आणि कान यांना एका मेजावर आणले, त्या त्या वेळी विषय पुढे सरकला.

आरंभ विमानाच्या जन्मापूर्वीचा आहे. एड्रिॲटिक समुद्रावरील फ्यूमे, म्हणजे आजचे क्रोएशियातील रियेका, येथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलाची अकादमी होती आणि पेटर साल्खर हे तेथे प्राध्यापक होते. १८८६ साली त्यांनी प्राग येथील एर्न्स्ट माख यांच्या सूचनांनुसार उडत्या गोळीपुढील आघात तरंगाची छायाचित्रे घेतली. या यशानंतर साहजिकच उलटा प्रश्न पुढे आला : स्तब्ध हवेतून गोळी धावण्याऐवजी स्तब्ध वस्तूवरून हवाच तितक्या वेगाने धावविली तर काय दिसेल? त्यासाठी अतिशय दाबलेल्या हवेचा साठा हवा होता, आणि तो फ्यूमे येथेच होता. रॉबर्ट व्हाइटहेड यांचा टॉर्पेडोचा कारखाना त्या गावात होता. त्या काळचे टॉर्पेडो दाबलेल्या हवेवर चालत, त्यामुळे कारखान्यात भक्कम टाक्या व दाबयंत्रे सज्ज असत. १८८९ साली साल्खर आणि जॉन व्हाइटहेड यांनी या टाक्यांतून सुटणाऱ्या हवेच्या झोताची छायाचित्रे घेतली.

त्यासाठी वापरलेली श्लीरेन पद्धत आउगुस्ट टोप्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात विकसित केली होती. हवेची घनता जेथे बदलते तेथे प्रकाशकिरण किंचित वाकतात. वाकलेले किरण एका धारदार पात्याने अडविले की घनतेतील फरक छायाचित्रात काळ्यापांढऱ्या छटांनी उमटतात. साल्खर यांच्या चित्रांत झोत नितळ दिसला नाही. त्यात एकामागून एक सारख्या अंतरावर फुगवटे व आखडलेले भाग होते, आणि त्यांना छेदणाऱ्या तिरप्या रेषा होत्या. माळेत मणी ओवावेत तशी ती रचना होती.

या मण्यांचे कारण पुढे उलगडले. नोझल नुसते निमुळते असेल आणि टाकीतील दाब बाहेरील दाबाच्या १.८९ पटीहून अधिक असेल, तर मुखापाशी हवेचा वेग ध्वनिवेगाइतका होतो, पण तिचा दाब बाहेरील हवेपेक्षा जास्तच उरतो. बाहेर येताच ती प्रसरण पावते आणि समतोलाच्या बिंदूवर न थांबता पलीकडे जाते. मग बाहेरील हवा तिला दाबून आखडते आणि हाच क्रम पुन्हा सुरू होतो. १९०४ साली लुडविग प्रांटल यांनी या रचनेचे गणित मांडले. एका मण्याची लांबी झोताचा व्यास आणि माख अंक यांवरून काढण्याचे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. त्यानुसार माख अंक १.५ असलेल्या गोल झोतात एका मण्याची लांबी व्यासाच्या सुमारे दीडपट येते.

फ्यूमेच्या टाक्यांशेजारी उभ्या असलेल्यांना कानठळ्या बसल्या असतीलच. परंतु त्या काळच्या संशोधनाचा रोख चित्रावर होता, आवाजावर नव्हता. याला एक लक्षणीय अपवाद म्हणजे डेन्मार्कचे यूलियस हार्टमान. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी अशा मणीदार झोतासमोर एक लहान पोकळी धरली. मण्याच्या ठराविक भागात ती आली की झोत अस्थिर होऊन अतिशय तीव्र स्वर निघतो, असे त्यांना आढळले. हार्टमान यांची शिटी या नावाने ते साधन प्रसिद्ध झाले. मात्र तिच्याकडे ध्वनी निर्माण करण्याचे उपकरण म्हणूनच पाहिले गेले. झोत स्वतः, समोर काहीही नसताना, का वाजतो हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे कोणी गांभीर्याने विचारला नाही.

तो विचारण्याची गरज झोत एंजिनाने निर्माण केली. १९३९ साली जर्मनीत आणि १९४१ साली इंग्लंडमध्ये झोत एंजिनावर चालणारी पहिली विमाने उडाली. मे १९५२ मध्ये कॉमेट विमानाने प्रवासी वाहतूक सुरू केली. विमानतळाशेजारी राहणाऱ्या लोकांना या नव्या युगाची चाहूल प्रथम कानांनीच लागली. त्याच १९५२ साली मँचेस्टर येथील जेम्स लाइटहिल यांचा वायुगतिजन्य ध्वनीवरील पहिला निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला, आणि त्याचा दुसरा भाग १९५४ साली आला. कोणताही पृष्ठभाग थरथरत नसताना केवळ वायूतील संक्षोभापासून ध्वनी कसा निपजतो, हे लाइटहिल यांनी दाखविले. त्यांच्या सिद्धांतानुसार झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. वेग दुप्पट केला तर ध्वनिशक्ती २५६ पट होते! अवस्वनी झोतांवरील मोजमापांशी हा नियम चांगला जुळला. एंजिन शांत करावयाचे तर झोताचा वेग उतरवा आणि त्याची रुंदी वाढवा, हा धडा पुढील सर्व नागरी एंजिनांनी गिरविला.

स्वनातीत झोताचा आवाज मात्र या नियमात बसेना. तेथे नुसता घोंघाट नव्हता. त्यात एक तीक्ष्ण, ठराविक कंप्रतेची शीळ होती, आणि संक्षोभ तर स्वभावतः विस्कळीत असतो. विस्कळीत कारणापासून असा नेमका स्वर कसा उत्पन्न व्हावा? या प्रश्नाचा छडा साउदॅम्प्टन विद्यापीठातील ॲलन पॉवेल या तरुण संशोधकाने लावला. १९५१ ते १९५४ या काळातील त्यांचे निबंध या विषयाच्या इतिहासात मध्यवर्ती मानावे लागतात. विशेष म्हणजे त्यांची सामग्री साधी होती : दाबलेली हवा, लहान नोझले, ध्वनिग्राहक आणि श्लीरेनची भिंगे व आरसे.

पॉवेल यांचे वेगळेपण असे की, त्यांनी श्लीरेनने झोताबरोबर झोताचा आवाजही टिपला. शीळ पुरेशी तीव्र असली की तिच्या दाबतरंगांमुळे बाहेरील हवेच्या घनतेत पडणारा फरक छायाचित्रात उमटतो. क्षणार्धाच्या ठिणगीच्या उजेडात घेतलेल्या त्यांच्या चित्रांत झोत सळसळताना दिसतो, आणि त्याच्या बाजूला, झोताच्या तिसऱ्याचौथ्या मण्याच्या आसपास केंद्र असलेली तरंगांची वर्तुळे नोझलच्या दिशेने मागे जाताना दिसतात. आवाज झोताच्या मुखाशी उत्पन्न होत नव्हता. तो मुखापासून बऱ्याच अंतरावर उत्पन्न होऊन मुखाकडे परतत होता.

यावरून पॉवेल यांनी पुढील चक्र मांडले. नोझलच्या ओठापाशी झोताच्या कडेवर एखादी लहानशी खळबळ उद्भवते. कडेवरील स्तर अस्थिर असल्यामुळे ती प्रवाहाबरोबर वाहत जाताना वाढते आणि भोवऱ्याचे रूप घेते. हे भोवरे मण्यांतील आघात तरंगांवरून गेले की ध्वनी निघतो. तो ध्वनी झोताबाहेरील स्तब्ध हवेतून उलट जाऊन ओठाशी पोहोचतो आणि तेथे नवी खळबळ उठवितो. भोवऱ्याला खाली जाण्यास लागणारा वेळ आणि ध्वनीला परत येण्यास लागणारा वेळ यांच्या बेरजेवरून शिळेची कंप्रता ठरते. दाब वाढविला की मणी लांबतात, फेरा लांबतो आणि स्वर उतरतो. प्रत्यक्ष मोजमापांत हेच आढळले. शिवाय गोल झोतात स्वर सलग उतरत नाही, काही ठराविक दाबांना तो एकदम उडी घेतो, हेही पॉवेल यांनी नोंदविले आणि त्या अवस्थांना अ, ब, क, ड अशा अर्थाची अक्षरे दिली. अशा प्रत्येक उडीबरोबर झोताच्या हालचालीचा प्रकार पालटतो. कोठे तो सर्व बाजूंनी सारखा फुगतो-आखडतो, तर कोठे मळसूत्रासारखा पिळला जातो. हा भाग पुढील दशकात इतर प्रयोगांनी स्पष्ट झाला.

या स्पष्टीकरणाची खरी कसोटी अशी की, चक्राचा कोणताही एक दुवा तोडला तर शीळ थांबली पाहिजे. नोझलच्या ओठावर एक लहानसा दाता बसविला की ती थांबते किंवा फारच क्षीण होते. उलट नोझलजवळ ध्वनी परतवणारा पृष्ठभाग ठेवला तर ती बळावते. एवढ्याशा दात्याने एवढा मोठा आवाज बंद व्हावा, ही गोष्ट त्या काळी चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. क्रॅनफील्ड येथील विमानविद्या महाविद्यालयात वेस्टली आणि लिली यांनीही १९५२ च्या सुमारास एका लहानशा झोतावर गोंगाट कमी करण्याच्या निरनिराळ्या युक्त्या तपासल्या, आणि त्यांत नोझलच्या कडेवरील दात्यांचा समावेश होता. दाते शिळेबरोबरच उरलेला घोंघाटही थोडा उतरवितात, ही जाण याच प्रयोगांतून आली. त्याचे कारण मिश्रणात होते, पण ते नीट कळण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

उद्योगाला तोपर्यंत थांबणे शक्य नव्हते. रोल्स-रॉइस कंपनीतील फ्रेडरिक ग्रेटरेक्स यांनी नोझलची कड फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे वळणावळणाची केली. कडेची लांबी वाढली की बाहेरील हवा झोतात अधिक शिरते, मिश्रण लवकर होते आणि झोताचा वेग लवकर उतरतो, हे त्यामागचे तत्त्व. याची निकड न्यूयॉर्कमध्ये प्रकर्षाने भासली. तेथील बंदर प्राधिकरणाने झोत विमानांना परवानगी देताना कानाला जाणवणाऱ्या गोंगाटाच्या मोजपट्टीवर ११२ डेसिबेलची मर्यादा घातली. ही मोजपट्टी कार्ल क्रायटर यांच्या श्रोत्यांवरील प्रयोगांतून तयार झाली होती. नुसती ध्वनिशक्ती मोजून माणसाचा त्रास मोजला जात नाही, उंच स्वर अधिक टोचतो, ही साधी गोष्ट तीत प्रथमच हिशेबात धरली गेली. एअर-इंडियाने १९६० साली जी बोइंग ७०७ विमाने घेतली, ती रोल्स-रॉइसच्या कॉनवे एंजिनांची होती. त्यांच्या एंजिनांच्या मागील टोकाशी अशी पाकळीदार मुखे होती, आणि सांताक्रूझ विमानतळावर ती दृष्टीस पडत. या पाकळ्यांची किंमत मात्र रेट्यात मोजावी लागे. मिश्रण घडविणारी प्रत्येक कड थोडा रेटा खाते, वजन वाढविते आणि उड्डाणभर बरोबर वाहावी लागते, गोंगाटाची अडचण मात्र पहिल्या काही मिनिटांचीच असते. ही तक्रार एंजिन बनविणाऱ्यांनी तेव्हापासून कधीच मागे घेतलेली नाही.

दरम्यान सिद्धांतही पुढे गेला होता. झोतातील भोवरे बाहेरील ध्वनिवेगाहून अधिक वेगाने वाहू लागले, की प्रत्येक भोवरा उडत्या गोळीसारखा वागतो आणि स्वतःभोवती तिरपे माख तरंग सोडतो. ओ. एम. फिलिप्स यांनी १९६० साली आणि जे. ई. फॉक्स विल्यम्स यांनी १९६३ साली याचे गणित मांडले. या अवस्थेत ध्वनिशक्ती आठव्या घाताऐवजी वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे झोताच्या एकूण शक्तीचा जवळजवळ ठराविक अंश गोंगाटात जातो. हा अंश शेकडा एकाच्या आतबाहेरच असतो, पण लाखो वॅटच्या झोताचा शेकडा एक म्हणजे शांतता नव्हे.

येथे मिश्रणाच्या अभ्यासकांपुढील एक कोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते गोंगाटाच्या प्रश्नाशी पुढे येऊन मिळाले. वेगवान झोत अधिक जोराने मिसळेल अशी सामान्य बुद्धीची अपेक्षा असते. प्रयोगात उलट आढळले. माख अंक वाढत गेला तसा झोताच्या कडेचा मिश्रणस्तर अरुंद होत गेला. १९७२ साली नासाच्या लँग्ली केंद्रात भरलेल्या परिषदेत निरनिराळ्या प्रयोगशाळांची मोजमापे एकत्र मांडण्यात आली तेव्हा ही घट निर्विवाद ठरली. कारण काय? वेगवान झोत थंड होऊन दाट होतो, म्हणून हा घनतेचा परिणाम असावा, असे पुष्कळांना वाटे.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गॅरी ब्राउन आणि अनातोल रोश्को यांनी ही समजूत मोडली. त्यांनी हळू वाहणारे हेलियम व नायट्रोजन एकमेकांशेजारून वाहू दिले. येथे घनतेतील फरक सात पट होता, पण वेग मात्र ध्वनिवेगाच्या पुष्कळ खाली होते. मिश्रणस्तराची रुंदी बदलली, पण स्वनातीत झोतात आढळणाऱ्या घटीच्या मानाने तो बदल किरकोळ होता. म्हणजे कारण घनता नव्हते, तर वायूची दबण्याची क्षमता हे होते. १९७४ सालच्या त्यांच्या निबंधातील छायाचित्रांनी मात्र त्याहून मोठी खळबळ उडविली. संक्षोभ म्हणजे निव्वळ बेशिस्त, असे मानले जात असता त्या चित्रांत लाटांप्रमाणे एकामागून एक वळत जाणारे मोठे, सुव्यवस्थित भोवरे स्पष्ट दिसत होते. स्टीव्हन क्रो आणि फ्रान्सिस शँपेन यांनी १९७१ साली गोल अवस्वनी झोतातही अशी सुव्यवस्था दाखविली होती. १९८८ साली दिमित्री पापामोशू आणि रोश्को यांनी वेगवेगळ्या वायूंच्या जोड्या घेऊन दाखविले, की दोन प्रवाहांच्या वेगांतील फरकाला त्यांच्या ध्वनिवेगांच्या बेरजेने भागले तर येणाऱ्या अंकावरून मिश्रणातील घट ठरविता येते. भोवऱ्याबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाला दिसणारा हा माख अंक होय. तो वाढत गेला की मिश्रणाचा वेग मूळच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शावर येऊन स्थिरावतो. स्वनातीत ज्वलन एंजिनात इंधन व हवा यांना एकत्र येण्यास सेकंदाचा हजारावा भाग मिळतो, त्यामुळे ही घट तेथे जीवनमरणाची बाब ठरते.

मोठे भोवरे आहेत हे दिसले, पण आवाज तेच करतात हे कसे ठरवावे? पूर्ण वेगाच्या झोतात लहानमोठ्या हजारो हालचाली एकत्र गुंतलेल्या असतात. ओक्लाहोमा येथे डेनिस मॅकलॉफ्लिन, जेराल्ड मॉरिसन आणि टिमोथी ट्राउट यांनी यावर एक सुरेख उपाय योजला. त्यांनी झोत बंदिस्त कोठीत, अतिशय कमी दाबाच्या विरळ हवेत सोडला. वेग स्वनातीतच राहिला, पण हवा विरळ असल्यामुळे बारीक संक्षोभ दबला आणि मोठ्या लाटा उघड्या पडल्या. मुखाशी विद्युत् प्रभारण करून त्यांनी या लाटांना एक ठेका दिला. झोतात तापलेली बारीक तार आणि बाहेर ध्वनिग्राहक ठेवून दोन्ही मोजमापे त्यांनी त्याच ठेक्याशी ताडून पाहिली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या लाटा बाहेरील ध्वनिवेगाहून अधिक वेगाने वाहतात त्याच थेट तीव्र गोंगाट सोडतात. ज्या लाटेने हवा झोतात ओढून घ्यावयाची, तीच लाट गोंगाटाचीही जननी आहे, हे येथे प्रथम मोजून सिद्ध झाले. क्रिस्टोफर टॅम यांनी पुढे याच मोजमापांच्या आधारे लाटांचा सिद्धांत पक्का केला.

साउदॅम्प्टनमध्ये हार्पर-बोर्न आणि फिशर यांनी १९७३ साली गोंगाटाचा आणखी एक प्रकार वेगळा काढला. शीळ दडपली तरी मण्यांतील आघात तरंगांवरून जाणारे भोवरे एक विस्तृत पट्ट्याचा आवाज देतातच. नोझलचा आकार दाबाला अनुरूप असेल व आघात तरंग क्षीण असतील, तर तो कमी होतो. याच सुमारास कॉन्कॉर्ड विमानाच्या एंजिनांतून फुटाण्यांसारखा तडतड आवाज येत असल्याची तक्रार होती. १९७५ साली फॉक्स विल्यम्स व सहकाऱ्यांनी दाखविले, की त्यात दाबाचे तीव्र उंचवटे अधिक आणि खड्डे उथळ असतात. ही असमता एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की कानाला तडतड जाणवते, आणि सामान्य वर्णपटात मात्र तिचा मागमूसही लागत नाही. कॉन्कॉर्डला न्यूयॉर्कमध्ये उतरण्याची वाट ऑक्टोबर १९७७ मध्ये, न्यायालयीन झगड्यानंतरच मोकळी झाली. २००३ साली त्या विमानाची सेवा संपली.

शीळ ही केवळ कानांची पीडा नव्हती. हे आणि रोझ यांनी १९७० साली उड्डाणातील आघातजन्य ध्वनीवर जो निबंध लिहिला, त्यामागे व्हीसी-१० विमानाच्या रचनेत पडलेल्या भेगा होत्या. पुढे शेजारी शेजारी दोन एंजिने असलेल्या एफ-१५ आणि बी-१ विमानांत दोन्ही झोत एकमेकांच्या शिळेशी जुळून एका तालात डोलू लागले आणि नोझलच्या बाहेरील पाकळ्यांना इजा झाली. नासाच्या जॉन साइनर यांनी हे प्रतिकृतींवर तपासले. डी. आर. ग्लास यांनी १९६८ साली केलेले निरीक्षण या संदर्भात मोलाचे आहे : शीळ जोरात असली की झोत लवकर रुंदावतो आणि लवकर मंदावतो. अंजनेयुलू क्रोथापल्ली व सहकाऱ्यांनी १९८६ साली आयताकृती झोतात याचे सविस्तर परीक्षण केले. एरवी मिसळण्यास नाखूश असलेला स्वनातीत झोत स्वतःच्या आवाजाने हलवला गेला की मिसळू लागतो. आवाज हा येथे परिणाम आहे तसाच तो कारणही आहे.

यामुळे अभियंत्यांची अडचण मात्र वाढली. ज्वलनकक्षात मिश्रण हवे असते, विमानतळावर शांतता हवी असते, आणि दोन्ही ठिकाणी एकाच लाटेशी गाठ असते. यातून सुटका करणारी वाट पुन्हा जुन्या दात्यापाशीच आली. ब्रॅडबरी आणि खादेम यांनी १९७५ साली दाखविले होते, की नोझलच्या कडेवरील दोन लहान पात्यांनी झोताचा अबाधित गाभा बराच आखूड होतो. १९९३-९४ च्या सुमारास नासाच्या लुईस केंद्रात समीमी, झमान आणि रीडर यांनी त्याचे कारण शोधले. प्रत्येक पाते प्रवाहाच्याच दिशेने फिरणारी भोवऱ्यांची एक जोडी निर्माण करते. हे भोवरे मोठ्या लाटांप्रमाणे आडवे लोळत नाहीत. ते हवा गुंडाळून आत नेतात आणि तसे करताना त्या लाटांची सुव्यवस्था मोडतात, त्यामुळे मिश्रण वाढते आणि मोठ्या लाटांचा गोंगाट घटतो. कानपूरच्या आय.आय.टी.त ई. रथकृष्णन यांनी अशा पात्यांचा स्वनातीत झोतांवरील परिणाम दीर्घकाळ अभ्यासला. याच कल्पनेचे सौम्य रूप म्हणजे नोझलच्या कडेवरील करवतीसारखे त्रिकोण. २०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या एंजिनांवर ते कोणालाही दिसतात. या त्रिकोणांचे श्रेय बहुधा अलीकडील गणकयंत्रांना दिले जाते, आणि ते काही अंशी योग्यही आहे, पण वंशावळ लावावयाची तर ती १९५० नंतरच्या त्या लहानशा नोझलांपर्यंत जाते.

लष्करी विमानांच्या बाबतीत प्रश्न अद्याप सुटलेला नाही. तेथे झोत तप्त व स्वनातीत असतो, आणि विमानवाहू जहाजाच्या तक्तपोशीवर काम करणारे नाविक त्यापासून काही पावलांवर उभे असतात. त्यांच्या कानांवर १४० डेसिबेलपेक्षा अधिक आवाज आदळतो. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन सल्लागार समितीने २००९ साली या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचे झोत सोडणे, नोझलच्या कडेवर विजेच्या सूक्ष्म ठिणग्या पाडून लाटांचा ठेका बिघडविणे, असे उपाय फ्लोरिडा व ओहायो येथील विद्यापीठांत प्रयोगाने तपासण्यात आले आहेत. लहान प्रतिकृतीवर ते चालतात, परंतु खऱ्या एंजिनाची उष्णता आणि वजनाची काटकसर यांपुढे त्यांचा निभाव लागणे कठीण जाते.

पॉवेल यांच्या चक्राचे पुढे काय झाले, हे सांगितल्याविना हा आढावा पुरा होत नाही. नासाच्या ग्लेन केंद्रात जयंत पांडा यांनी १९९९ साली लेसरच्या प्रकीर्णनाने झोताची घनता त्याला स्पर्श न करता मोजली. खाली वाहणारे भोवरे आणि वर जाणारा ध्वनी मिळून झोतालगत एक स्थिर तरंग बनतो, आणि शिळेची कंप्रता त्या तरंगाशीच निगडित आहे, असे त्यांना आढळले. त्यापूर्वी १९८९ साली टॅम आणि हू यांनी गणिताने दाखविले होते, की स्वनातीत झोत हा एखाद्या नळीप्रमाणे काही तरंगांना स्वतःच्या आधाराने उलट दिशेने नेऊ शकतो. २०१८ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील एजिंग्टन-मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहात सोडलेल्या सूक्ष्म कणांच्या छायाचित्रांवरून असे उलट जाणारे तरंग शीळ घालणाऱ्या झोतातच ओळखून काढले. ओठाशी खळबळ उठविणारा दुवा अनेक अवस्थांत हाच आहे, बाहेरील स्तब्ध हवेतून येणारा ध्वनी नव्हे. त्यामुळे पॉवेल यांच्या आकृतीतील झोताबाहेरून मागे फिरणारा बाण आता बहुतेक वेळा झोताच्या आत काढतात. बाकीची आकृती १९५३ साली होती तशीच आहे.